पाणी ओतणारा हात

मराठी घरात दात घासायचा ब्रश सहसा मरत नाही. दातांच्या सेवेतून निवृत्त होतो, एवढंच. मग त्याला केसांना कलप लावायच्या कामावर घेतात. तिथे तोंड काळं झालं की शिलाई मशीनच्या पोटातला धुरळा काढायला, तिथून गौरी-गणपतीच्या आधी समईच्या नक्षीत दडून बसलेलं किटण उपसायला, मग स्कूटरच्या प्लगकडे. सगळे केस झडून तो पुरता विरक्त झाला आणि दांड्याच्या टोकाला भोक असलं, तर शेवटी परकराची नाडी ओवायला. चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या घरी ब्रश नव्हते, नाहीतर उदाहरणाला ते दुसरीकडे गेले नसते. प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही, असं पर्यावरणवाले काळजीने सांगतात. आमच्या आईला ही बातमी सांगितली असती तर तिला त्यात काळजीचं काही दिसलं नसतं. तिने त्या शेकडो वर्षांचं वेळापत्रक आधीच लावून ठेवलं होतं.

आता आमच्या बेसिनवरच्या पेल्यात बांबूचा ब्रश उभा असतो. सडसडीत, रंग नाही, नक्षी नाही, नुकतीच मुंज झालेल्या बटूसारखा गंभीर. त्याला पुनर्जन्म नको आहे, थेट मोक्ष हवा आहे. वापरून झाल्यावर मातीत पुरा, असं त्याच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं. मात्र मोक्षाच्या वाटेत एक अडचण आहे, आणि ती बारीक अक्षरात आहे. दांडा बांबूचा असला तरी केस बहुधा नायलॉनचेच असतात. नायलॉन बाजारात पहिल्यांदा अवतरलं तेच मुळी ब्रशचे केस म्हणून, अमेरिकेत, १९३८ साली. बायकांचे मोजे त्यानंतरचे. त्याआधी ब्रशला डुकराचे राठ केस लावत, आणि आजही संपूर्ण मातीत मिसळणारा ब्रश हवा असेल तर काही ठिकाणी तो उपाय पुन्हा पुढे केला जातो. संकष्टीच्या सकाळी असा ब्रश तोंडात घालावा की नाही, याचा निर्णय कोणत्या ग्रंथात मिळेल याची मला कल्पना नाही. आम्ही नायलॉनवाला पत्करला. त्यामुळे ब्रश झिजला की माझा नवरा गॅलरीत पक्कड घेऊन बसतो आणि त्याचा एकेक झुपका उपटून काढतो. आयुष्यभर दुसऱ्याचे दात राखले, त्याचे शेवटी असे दात उपटले जातात, हे बघून मन भरून येतं. मग उरलेला दांडा तगरीच्या कुंडीत जातो.

तर आमच्या न्हाणीघरातली फळी अशी हळूहळू पालटत गेली. बाटल्या गेल्या, वड्या आल्या. शांपूची वडी आली. बाटलीतल्या शांपूत मोठा वाटा पाण्याचाच असतो आणि पाणी तर आपल्या नळाला येतंच, मग ते ट्रकमधून कशाला आणायचं, हा तिच्यामागचा विचार मला पटला. वडीला मात्र कोरडं राहायला आवडतं, आणि न्हाणीघरात कोरडी जागा शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात ध्यानाला जागा शोधणं. दात घासायच्या गोळ्या आल्या. त्या चावायच्या, मग तोंडात फेस होतो. घामाच्या वासासाठी लाकडी टोपी घातलेला पारदर्शक खडा आला. त्या टोपीमुळे मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही. ती तुरटी होती. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी झाल्यावर गालांवरून फिरणारी, गढूळ पाण्याच्या हंड्यात चार वेढे घेणारी आपली तुरटी. अंग घासायला फिकट पिवळसर जाळीदार गुंडाळी आली, ते वेलावरच सुकलेलं घोसाळं निघालं. ज्याची कोवळेपणी भजी होतात ते जून झाल्यावर पाठ घासतं. आमच्याकडच्या कित्येक नातेवाइकांचा स्वभावही असाच पालटत गेलेला मी पाहिला आहे.

इथे पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही मराठी माणसाच्या ओठांवर एक वाक्य येतं, आणि ते मी मोठ्या संयमाने परतवलं आहे. ‘आमच्या आजीकडे हे सगळं होतंच की!’ हे ते वाक्य. होतंच. तुरटी होती, घोसाळं होतं, टाचा घासायला पितळी वजरी होती, बदामाच्या टरफलांची राखुंडी होती. एका कडीत ओवलेलं चांदीचं कानकोरणं आणि दातकोरणं होतं. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या काडीचे इअरबड बंद झाले तेव्हा त्या कानकोरण्याचा आत्मा नक्की सुखावला असेल. पण वस्तू होत्या एवढं म्हणून भागत नाही. त्या वाक्यात काहीतरी राहून जातं, असं मला कधीपासून वाटत होतं. काय राहतं ते मला पुडीमुळे कळलं.

पुडी म्हणजे शांपूची. गावाकडच्या दुकानांच्या दारावर तोरणासारख्या लटकणाऱ्या त्या माळा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. शांपू पुडीत विकायची युक्ती तमिळनाडूतल्या चिन्नी कृष्णन यांची. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली कडलूरला आपला वेगळा धंदा मांडला आणि ‘चिक’ची पुडी खेडोपाडी नेली. त्यांनी एक मजेदार योजना काढली होती. कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि भरलेली एक फुकट न्या. म्हणजे रिकाम्या पुडीलाही मोल होतं, असा एक काळ या देशात होऊन गेला आहे. आता तिला कोणी वाकून उचलत नाही. तिच्या अंगावर वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवून पुन्हा वापरणं परवडत नाही. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्या नावातच कशाकशाला भाव आहे त्याची यादी आहे, आणि पुडी त्या यादीत बसत नाही. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी मध्यंतरी मला हटकलं होतं, ‘हल्ली बाटल्या येत नाहीत तुमच्याकडून?’ मी अभिमानाने म्हटलं, ‘बंद केल्या.’ त्यांनी माझ्या डब्यातली पुठ्ठ्याची चिमुकली खोकी बघितली आणि जराशा दयेने मान हलवली. शांपूच्या बाटलीचे त्यांना पैसे मिळत. पृथ्वीच्या खात्यात मी जमा केलं ते कोणाच्या खात्यातून वळतं झालं, हा हिशेब खोक्यावर लिहिलेला नसतो.

पण पुडीचं मी जे सांगत होते ते वेगळंच. ती हातात धरली की तिच्यातलं नेमकं माप जाणवतं. एका माणसाचं एक न्हाणं. दात लावून कोपरा फाडायचा, तळहातावर पिळायची, संपलं. कोणाला हाक मारायला नको, कोणाची वाट बघायला नको. बाटली हे त्याच सोयीचं मोठं रूप. झाकण दाबलं की हवं तेवढं हातावर. प्लास्टिकने आपल्याला बाकी काय दिलं आणि काय घेतलं ते विद्वान सांगतील. मला दिसतं ते इतकंच, की त्याने माणसाला एकट्याने न्हायला शिकवलं. त्याआधी न्हाणं हे दोन माणसांचं काम होतं.

राजापूरकडच्या आमच्या आजोळी न्हाणी घराच्या मागच्या अंगाला होती. दगडी, अंधारी, एका झरोक्यातून उन्हाची तिरीप येणारी. बाहेर तांब्याचा बंब धुमसत असे, त्याच्या पोटात नारळाची सोडणं. सुटीत आम्ही मामे-मावस बहिणी जमलो की एक दिवस डोक्यावरून न्हायचा असे. कोणत्या वारी न्हायचं आणि कोणत्या वारी नाही याचे घराघरांत वेगळे कायदे होते, आणि सगळेच अपील नसलेले. आदल्या रात्री आजी शिकेकाईच्या शेंगा, रिठे, आवळकाठी आणि थोडी मेथी लोखंडी कढईत भिजत घाली. सकाळी ते उकळायला लागलं की घरभर एक आंबूस, रानटी, किंचित औषधी वास पसरे. न्हाणीत आम्ही एकेकीने पाटावर बसायचं, मान गुडघ्यांपर्यंत खाली घालायची. ‘डोळे मीट गो,’ आजी म्हणायची. ‘उघडलेस तर मग माझ्या नावाने रडायचं नाही.’

शिकेकाईला फेस येतो, पण तो सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या विद्वानासारखा, आहे की नाही याचा पत्ता न लागू देणारा. डोळ्यांत गेली मात्र की तिच्याइतकी हजर असणारी दुसरी वस्तू नाही. म्हणून डोळे घट्ट मिटायचे. हात गुडघ्यांना विळखा घातलेले. अशा वेळी माणूस संपूर्ण दुसऱ्याच्या स्वाधीन असतो. तांब्या कधी येणार, पाणी किती कढत असणार, ते आपल्याला दिसत नाही. फक्त दोन खरखरीत हात डोक्यातून फिरत असतात आणि वरून एक आवाज येत असतो. आजी त्या वेळी खूप बोले. एरवी ती मितभाषी. न्हाणीत मात्र, समोरचं माणूस डोळे मिटून मान घालून बसलं की, तिला कंठ फुटे. कोणाचं लग्न कसं मोडलं, आजोबा मुंबईला गिरणीत होते तेव्हा पत्रं किती दिवसांनी येत, माझ्या आईला लहानपणी गोवर निघाला त्या रात्री काय झालं. आणि आम्हीही बोलायचो. परीक्षेत कमी मिळालेले मार्क, शेजारणीच्या मुलाशी झालेलं भांडण, जे तोंड वर करून सांगता आलं नसतं ते. डोळे मिटलेल्या माणसाला खरं बोलणं सोपं जातं, आणि ऐकणाऱ्याचे हात कामात असले की त्याला रागावणं अवघड जातं. ते सगळं ऐकून शिकेकाईचं तपकिरी पाणी मोरीतून पन्हळीने मागच्या अळवात जाई. त्या अळूचं फतफतं चार दिवसांनी पानात पडायचं. आपली गुपितं आपल्याच पोटात परत येण्याची इतकी बिनचूक व्यवस्था मी नंतर कुठे पाहिली नाही.

मात्र या चित्राला फार सोनेरी चौकट घालावीशी मला वाटत नाही. आजी पर्यावरणासाठी काहीच करत नव्हती. शिकेकाई रानातून यायची म्हणून ती वापरायची, सोडणं फुकट होती म्हणून बंबात जायची, आणि अळूला पाणी लागतं म्हणून मोरी तिकडे वळवलेली. त्याच्या बदल्यात ती पहाटे अंधारात उठत असे, शेंगा कुटत असे, आणि आठ-दहा डोकी धुऊन झाली की तिचे मनगटापर्यंतचे हात तपकिरी होत. ते हात तिला कोणी विचारून घेतलेले नव्हते. ते त्या घरात बंबासारखे गृहीत होते. आणि आज मी आठवून आठवून बघते तेव्हा आजीच्या डोक्यावर पाणी कोण ओतत होतं, ते काही केल्या दिसत नाही. ती आमच्या सगळ्यांच्या आधी, काळोखात, एकटीच न्हाऊन घेत असावी. म्हणजे तिला शिकेकाई लावून, डोळे मिटून, हाताने चाचपडत तांब्या शोधावा लागत असणार. ‘आमच्या आजीकडे हे सगळं होतंच की’ या वाक्यात राहून जातं ते हे.

ही चाचपड काय असते ते मला अलीकडे चांगलं समजलं. वडीचा प्रयोग यथासांग पार पडल्यावर मी एक दिवस मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. ही दुकानं मला देवळांइतकी आवडतात. पोत्यांच्या गळ्यापर्यंत भरलेला नागरमोथा, वाळ्याच्या जुड्या, गव्हला, कचोरा, आंबेहळद. दिवाळीच्या आधी तिथे उभं राहिलं तर नुसत्या वासानेच अंगाला उटणं लागल्यासारखं होतं. शिकेकाईच्या शेंगा घेतल्या, घरी आणून आजीच्या मापाने उकळल्या. मग न्हाणीघरात स्टुलावर बसले, मान खाली घातली, डोळे मिटले, काढा डोक्यावर घातला आणि मग जगातून मग नाहीसा झाला. बादली डावीकडे होती, ती उजवीकडे गेली. नळाच्या जागी भिंत आली. शॉवर आहे की, असं कोणी म्हणेल. पण शॉवर उभ्या माणसासाठी असतो आणि शिकेकाई वाकलेल्यासाठी. गाळाचे कण केसांतून निघायला हवेत तर कोणीतरी वरून बेताबेताने पाणी ओतत, बोटांनी केस मोकळे करत राहावं लागतं. शेवटी मी हाक मारली.

नवरा हातात वर्तमानपत्र घेऊनच आला. माझा नवरा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होता, त्यामुळे पाण्याचा विसर्ग हा त्याचा अभ्यासाचा विषय. ‘किती सोडू?’ त्याने विचारलं. पहिल्यांदा त्याने अशी बारीक, अखंड धार धरली की मला आपण पिंड आहोत आणि बाहेर कोणीतरी रुद्राची आवर्तनं करतंय असं वाटलं. मग मी जरा जास्त म्हटलं, तर धरणाचे दरवाजे उघडले. हळूहळू हात बसला. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोच्या डोक्याला मागच्या बाजूला, केसांच्या आत, एक जुनी खोक आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. ‘ही कधीची?’ चौथीत असताना आजोळच्या जांभळीवरून पडले होते, मी सांगितलं. मग ती जांभळ, तो उन्हाळा, आजीने खोकेत भरलेली हळद. तो पाणी ओतत राहिला. थोड्या वेळाने त्यानेही, माझ्या न दिसणाऱ्या तोंडाकडे बघत, त्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारची गोष्ट सांगितली. डबा घेऊन तो बसस्टॉपपर्यंत जाऊन परत आला होता. मला हे ठाऊक नव्हतं. ते जेवणाच्या टेबलावर निघालं नसतं. तिथे आम्ही दोघंही डोळे उघडे ठेवून बसतो.

तेव्हापासून आमच्यात एक करार झाला आहे. माझे केस त्याच्याकडे, त्याची पाठ माझ्याकडे. पाठीचं एक बरं असतं, ती माणसाला नम्र ठेवते. हात कितीही लांब असोत, दोन खांद्यांच्या मधली तळहाताएवढी जागा आपल्याला कधी लागत नाही. तिथे पोचण्यासाठी आम्ही पूर्वी लांब दांड्याचा प्लास्टिकचा ब्रश आणला होता. तो दांडा म्हणजे खरं तर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या जागी नेमलेला बदली कामगार. वर्षातून एक दिवस, नरकचतुर्दशीला, त्याला सुटी असे. त्या पहाटे आई सगळ्यांना पाटावर बसवून तेल लावायची, उटण्याने पाठी चोळायची, कुडकुडणाऱ्या अंगावर कढत पाणी घालायची, आणि पायाखाली कडू कारीट फुटायचं. अभ्यंगस्नानाचं पुण्य पंचांगात काय सांगितलं असेल ते असो. एरवी कडी लावून न्हाणाऱ्या घरात त्या दिवशी सगळ्यांच्या पाठींना सगळ्यांचे हात लागत, हेच मला त्यातलं मोठं वाटतं. आता सुकलेलं घोसाळं आल्यापासून दांड्याला काम नाही. घोसाळ्याला दांडा नसतो. ते हातात धरावं लागतं, आणि तो हात दुसऱ्याचा असावा लागतो.

पर्यावरणपूरक वस्तू महाग पडतात, अशी तक्रार मी बायकांच्या गप्पांत नेहमी ऐकते. त्यात तथ्य आहे. पण त्यांची खरी किंमत पैशांत नसते असं मला वाटू लागलं आहे. त्या आपल्याला पुन्हा थोडं परावलंबी करतात. त्या वेळ मागतात, वाट बघायला लावतात, दार किलकिलं करून ‘जरा येतोस का?’ म्हणायला लावतात. आजीच्या काळी हे म्हणावं लागत नव्हतं, कारण कोणाचे तरी हात न विचारता घेतलेले असत. आता विचारावं लागतं, समोरच्याला ‘येत नाही’ म्हणायची मुभा असते, आणि तरी तो वर्तमानपत्र ठेवून येतो. जुन्यात आणि नव्यात मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायची माझी तयारी आहे.

या वस्तूंच्या खोक्यांवर पुष्कळ काही छापलेलं असतं. यात सल्फेट नाही, पॅराबेन नाही, प्लास्टिक नाही, कोणत्याही प्राण्यावर प्रयोग केलेला नाही. मुलांच्या खेळण्यांच्या खोक्यावर ‘सेल सोबत मिळणार नाहीत’ असं लिहितात, तसं शिकेकाईच्या पाकिटावरही लिहायला हवं, असं मी परवा पाणी ओतून घेता घेता नवऱ्याला म्हटलं: ‘वापरण्यासाठी दुसरं माणूस लागेल. ते सोबत मिळणार नाही.’ त्याने क्षणभर विचार केला. आणखी एक ओळ घालावी लागेल, तो म्हणाला. ‘पाणी डोळ्यांत गेल्यास ओतणारा जबाबदार नाही.’ ही ओळ मी नामंजूर केली आहे. जबाबदार कोण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.